एकोणीस अक्षरांचं कडवं

मुलुंडला नोकरी लागून मला वर्ष झालं असेल, तेव्हा आमच्या मंडळीने भजनांचं पुस्तक काढायचं ठरवलं. मंडळी म्हणजे आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, साठ-सत्तर कुटुंबांची. स्वतःचं चर्च नव्हतं. एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळायचा. तिसरी-चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही उपासनेला बसायचो. छापील गीतपुस्तक होतं, पण त्यात विलायती चालींवर बसवलेली गाणी जास्त. नगर, जालना, सोलापूरकडची माणसं मुंबईला येताना आपापल्या गावची भजनं घेऊन आली होती, ती मात्र कुठेच छापलेली नव्हती. कुणाच्या आजोबांनी रचलेली, कुणाच्या मास्तरांनी. ज्यांना ती येत होती ती माणसं म्हातारी झाली होती. म्हणून ठरलं की अशी पंचवीस-तीस भजनं सुरांसकट लिहून काढायची, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल यंत्रावर त्यांच्या प्रती काढायच्या आणि हंगामाच्या सणाला सगळ्यांना वाटायची.

लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कारण मी बी. ए. होते आणि मला सारेगम लिहिता येत होतं.

यातल्या दोन्ही गोष्टी मी माझ्या हिमतीवर मिळवल्या असं मला कधी वाटलं नाही. माझे वडील जालन्याकडच्या एका लहान गावात मिशनच्या दवाखान्यात माळी होते, आई त्याच आवारात खुरपणी करायची. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. मिशनच्या बोर्डिंगात मला घेतलं म्हणून मी शिकले. तिथल्या मेट्रनबाई रोज संध्याकाळी एका जुन्या पेटीवर आम्हाला सूर ओळखायला शिकवायच्या. त्या पेटीचा वरचा ध वाजत नसे. तो सूर आला की आम्ही सगळ्या मुली तोंडाने म्हणायचो. पदवीचा कागद घेऊन मी घरी गेले तेव्हा वडिलांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे." अशा घरातून आल्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. जे कागदावर नीट बसतं ते खरं, असं मला मनापासून वाटायचं.

माझी पद्धत साधी होती. गणिताची चौकटींची वही घ्यायची. एका चौकटीत एक अक्षर, त्याच्या वरच्या चौकटीत सूर. पहिलं कडवं असं लिहिलं की दुसऱ्या कडव्याची अक्षरं त्याच सुरांखाली एकेक करून भरायची. दिवसभर मी एका कारखान्याच्या ऑफिसात टाइपिंग करायची, त्यामुळे रकाने सरळ ठेवायची सवय हाताला होती. वीसेक भजनं अशी छान उतरली. कुठे एखादं अक्षर कमीजास्त झालं तर "रे" किंवा "हो" घालून भागायचं.

आमच्या गायनमंडळाचे प्रमुख होते पेटीवाले भाऊ. कारखान्यात फिटर, जन्म मुंबईतलाच, बोलणं फटकळ. मला ते "बी. ए. बाई" म्हणायचे. त्यांचा एकच नियम होता.

"हे बघ बी. ए. बाई, पुस्तक कशासाठी? ज्याने गाणं आयुष्यात ऐकलं नाही त्याने पान उघडून म्हणावं यासाठी. तसं म्हणता आलं तर गाणं पुस्तकात. नाही आलं तर गाणं कितीही गोड असो, बाहेर. उगाच पानं वाढवायची नाहीत."

नियम मला पटला होता. आणि मग आक्कांचं गाणं आलं.

आक्का सत्तरीच्या पुढच्या. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या दवाखान्यात जन्मभर दाईचं काम केलेलं. आता मुलाकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका चाळीत राहायच्या. नेसायच्या नऊवारी लुगडं आणि दातांना लावायच्या मिश्री. मंडळीचे पाद्री, पाळकसाहेब, घरी आले की मिश्रीची डबी बायबलच्या मागे जायची. त्यांचे वडील गावच्या मिशन शाळेत मास्तर होते, स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी जन्मात एकच भजन रचलं. ते आक्का दर वर्षी हंगामाच्या सणाला एकट्या म्हणायच्या. बाकीची मंडळी फक्त प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीला साथ द्यायची.

त्या वर्षी आक्कांना दमा जडला होता. मी वही घेऊन गेले तेव्हा त्यांनी चहासुद्धा विचारायच्या आधी सांगितलं, "पोरी, यंदा माझा श्वास पुरायचा न्हाई. मुलाला येत न्हाई, सुनेला येत न्हाई. माझ्यामागं हे कोण म्हणणार? तू लिही. नीट लिही. बापाचं एवढंच हाय माझ्याजवळ."

गाणं असं होतं. प्रभू अचानक दारात येतो आणि घरधनीण गोंधळून जाते.

*अंगण माझं झाडलं नाही*
*दारी उभा राहिला*

*घरात पीठ नाही*
*दारी उभा राहिला*

*लुगड्याला माझ्या ठिगळं सतरा, लपू कुठं मी बाई*
*दारी उभा राहिला*

*ये म्हटलं*
*घरी माझ्या बसला*

घरी येऊन चौकटीत भरायला बसले तर पहिल्या कडव्याची पहिली ओळ दहा अक्षरांची. दुसऱ्याची सात. तिसऱ्याची एकोणीस. चौथ्याची चार. पहिल्या ओळीच्या दहा सुरांखाली एकोणीस अक्षरं ठेवायची कुठे? आणि चार अक्षरं ठेवली तर उरलेल्या सहा सुरांचं काय करायचं? मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बोटांवर मोजलं. एकोणीसच.

भाऊंना सांगितलं तर ते आपला टेपरेकॉर्डर घेऊन माझ्याबरोबर आक्कांकडे आले. पण समोर यंत्र ठेवल्याबरोबर आक्का ताठ बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एकदम विलायती गीतासारखं, प्रत्येक अक्षर वेगळं ओढून गायला लागल्या. तिसऱ्या कडव्यात खोकला आला. मग टेपवर स्पष्ट आवाजात आलं, "झालं का? बंद करा ते, लाल डोळ्यानं बघतंय माझ्याकडं."

"वाट लागली," भाऊ म्हणाले. त्या टेपचा काही उपयोग झाला नाही.

मग मी ते केलं जे माझ्यासारखी शिकलेली मुलगीच करेल. गाणं दुरुस्त केलं. सगळी कडवी दहा अक्षरांची केली. "घरात माझ्या पीठही नाही." दहा. "लुगडं माझं फाटकं बाई." दहा. "ये रे प्रभू घरी म्हटलं मी." दहा. वहीवर चार ओळी एकाखाली एक अशा सरळ उभ्या राहिल्या की मला स्वतःचं कौतुक वाटलं. भाऊंनी पेटी काढली, पान समोर ठेवून पहिल्याच फटक्यात अथपासून इतिपर्यंत गाऊन दाखवलं आणि म्हणाले, "झकास! घाल पुस्तकात."

त्याच संध्याकाळी मी धावतच आक्कांकडे गेले. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा सापडेना, म्हणून मीच गाऊन दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"सतरा ठिगळं कुठं गेली?"

"आक्का, ती बसत नव्हती."

"बसत नव्हती म्हणून काढून टाकलीस? शाळेच्या बाकावर मीबी बसत न्हाई. उद्या मला काढशील."

सून आतून हसली. मी हसले नाही. आक्कांनी ताट बाजूला ठेवलं.

"अगं, ते लुगडं माझ्या आईचं. खरंच सतरा ठिगळं व्हती. बापानं रात्री ती निजल्यावर मोजली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावापुढं गाण्यात म्हटली. आई सहा महिने बोलली न्हाई त्याच्याशी. भाकरी ताटात टाकायची अन् तोंड फिरवायची. तू त्याचं फाटकं केलंस. फाटकं तर सगळ्यांचंच असतंय, त्यात काय सांगायचं?"

त्या पुढे म्हणाल्या, "आणि हे 'ये रे प्रभू' कुणाचं? माझ्या बापानं प्रभूला हाक मारली न्हाई. तो दारातच व्हता की. नुसतं ये म्हणायचं."

शेवटी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मवाळ आवाजात सांगितलं, "गोड झालंय. पण हे माझ्या बापाचं न्हाई. हे तुझं. तू तुझ्या नावानं घाल."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. वाटेत मला आईची आठवण येत राहिली. तिच्या तोंडात अशी कितीतरी गाणी होती, आणि ती म्हणायला लागली की मी शाळेतून शिकून आलेली मुलगी तिला "आई, चुकतंय" म्हणायची. ती बिचारी थांबायची.

भाऊंना सांगितलं की दुरुस्त केलेलं गाणं घालायचं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं यार, चांगलं जमलं होतं ना! बरं, मूळचं घाल. पण माझा नियम तोच. मला बघून म्हणता आलं पाहिजे. पुढच्या शनिवारी तालमीला आणून दे. नाही जमलं तर ते पान मी कोरं सोडणार नाही, दुसरं गाणं घालणार. स्टेन्सिलं कापायची आहेत मला."

मधला रविवार होता. उपासना झाल्यावर मी परत आक्कांकडे गेले. त्यांना आदल्या दिवशी दम्याचा जोराचा झटका येऊन गेला होता. भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. आवाज नव्हताच, नुसती हवा. मी म्हटलं, राहू द्या, नंतर बघू. पण त्या ऐकेनात. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात त्या सुया-दोरे ठेवायच्या. त्याच्या झाकणावर बोटातल्या चांदीच्या अंगठीने त्यांनी ताल धरला आणि ओठ हलवायला लागल्या.

शब्द ऐकू येत नव्हते. ऐकू येत होती फक्त अंगठी. टक, टक, टक. माझ्याकडे करायला काही नव्हतं, म्हणून मी टक मोजले. पहिल्या ओळीला आठ. मग "दारी"चा "दा" ओठांवर दिसला तेव्हा एक जोराचा टक. दुसऱ्या कडव्याची ओळ. सातच अक्षरांची. तरी आठ टक, आणि मग "दा". आता तिसरं कडवं आलं. आक्कांचे ओठ भराभर हलायला लागले, माझे डोळे अंगठीवर. आठ. पुन्हा आठच! एकोणीस अक्षरं आठ टकांत बसली, आणि "दा" अगदी जागच्या जागी पडला.

"आक्का!" मी जवळजवळ ओरडलेच. "हे सगळं सारखंच आहे की!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सांगतेय की सूर्य उगवला.

"मग? सारखंच असणार," त्या पुटपुटल्या. "तू काय मोजत व्हतीस इतके दिवस?"

"अक्षरं."

"अक्षरं कशाला मोजायची?" थोडा श्वास घेऊन त्यांनी माझ्या साडीकडे बोट केलं. "तू पाचवारी नेसतीस, मी नऊवारी. तुझी कंबर अन् माझी कंबर केवढी फरकाची? चार बोटं. मग माझं एवढं कापड जातं कुठं?"

"निऱ्यांत आणि काष्ट्यात."

"हां. कापड जास्त आलं तर निऱ्या जास्त घाल. कमी आलं तर दोनच घाल अन् मोकळं सोड. कापड कापतं का कुणी? बी. ए. केलंस ना तू?"

सून आता उघडच हसत होती. यावेळी मीही हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर मी डावीकडून एकेक अक्षर मोजत होते आणि गाण्याची कंबर कुठे आहे हे पाहिलंच नव्हतं.

तिथेच, त्यांच्या सतरंजीवर बसून मी नवं पान काढलं. आठ मोठी घरं आखली. आठव्या घरानंतर लाल पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली, आणि रेघेपलीकडे "दा", शेवटच्या कडव्याला "घ". मग आक्का टक वाजवत गेल्या आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत घरं भरत गेले. पहिली ओळ: अं, गण, माझं, झा, डलं, ना, ही, आणि आठव्या घरात नुसती लांबण. दुसरी: सात घरांत सात अक्षरं, आठवं लांबणीचं. तिसरी: लुगड्या, ला माझ्या, ठिगळं, सतरा. तीन-तीन अक्षरं एकेका घरात कोंबलेली. मग लपू, कुठं, मी बा. आणि शेवटच्या घरात एकटी "ई", ऐसपैस बसलेली. चौथी ओळ सगळ्यांत मजेची. "ये" पहिल्या घरात, मग तीन घरं रिकामी, नुसता लांबवलेला ये. मग म्ह, ट, लं, आणि पुन्हा एक घर रिकामं.

"ये इतका लांब का, आक्का?"

"मनातून म्हणायचाय ना," त्या म्हणाल्या. "घरात पीठ न्हाई. पाहुण्याला ये म्हणताना वेळ लागतोच की."

शनिवारी तालमीला मी ते पान भाऊंच्या पुढे ठेवलं. गायनमंडळातले सहा-सात जण होते. मी सांगितलं, "भाऊ, अक्षरांकडे बघू नका. मी बाकावर टक मारते, एका टकाला एक घर. घरात जेवढी माणसं असतील तेवढी घ्यायची, आणि लाल रेघेला सगळ्यांनी हजर."

"भाडेकरू भरलेत का काय?" भाऊ म्हणाले. पण गायला लागले. पहिली दोन कडवी नीट गेली. तिसऱ्यात ठिगळांना अडखळले, "मी बाई" रेघेच्या पलीकडे सांडलं. सगळे हसले. "थांबा, थांबा, हसू नका रे." दुसऱ्यांदा त्यांनी पेटी सोडली, नुसत्या टकांवर म्हटलं, आणि एकोणीसच्या एकोणीस अक्षरं घेऊन रेघेला अचूक पोचले. पोचले ते असे, की पुढचं "दारी" सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, कुणी सांगितलं नसताना.

भाऊंनी पान उचलून जवळ धरलं. मग म्हणाले, "म्हातारा फक्त चौथी शिकला होता म्हणालीस ना?"

"हो."

"मग आपण दोघं काय करत होतो?" आणि पान स्टेन्सिलांच्या फाइलमध्ये ठेवलं.

हंगामाच्या सणाला गावाकडे लोक शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणतात. मुलुंडला शेत कुठलं? तरी त्या रविवारी शाळेच्या हॉलमधलं टेबल भरून गेलं होतं. मंडईतून आणलेले दुधी भोपळे, नारळ, अंडी, कुणाच्या गावाहून आलेलं बाजरीचं पोतं, पाय बांधलेली एक कोंबडी. आक्कांनी खिडकीत तेलाच्या डब्यात लावलेल्या झाडाच्या पाच मिरच्या आणल्या होत्या. त्या रिक्षाने आल्या, मुलाचा हात धरून. गाणं म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांना पुढच्या बाकावर आडवं बसवलं, कारण गुडघे बाकाखाली जाईनात.

पुस्तकं वाटली गेली. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास सगळ्या हॉलभर. पाळकसाहेबांनी गाण्याचं पान सांगितलं. भाऊंनी पेटीवर सूर धरला, मी समोरच्या टेबलावर टक मारायला उभी राहिले. ज्यांनी हे गाणं कधी एकट्याने म्हटलं नव्हतं, नव्याने आलेल्या ज्यांनी ते मुळीच ऐकलं नव्हतं, असे सव्वाशे-दीडशे लोक कागदाकडे बघत होते. पहिलं कडवं दबकत गेलं. दुसऱ्यात आवाज चढला. तिसऱ्याला तर सगळ्यांनी दम भरूनच सुरुवात केली. सतरा ठिगळांवरून घाईघाईने जाताना पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं, तरी रेघेला सगळे हजर होते. शेवटच्या कडव्याची मला धास्ती होती. लांब "ये"मध्ये कुणीतरी आधीच पुढे जाणार असं वाटत होतं. मी टक मारत होते. एक. दोन. तीन. चार. कुणी हललं नाही. दीडशे माणसांनी एकच "ये" धरून ठेवला होता, आणि मग सगळ्यांचं "म्हटलं" एकदम आलं.

आक्कांकडे पाहिलं तर त्यांचे ओठसुद्धा हलत नव्हते. मला वाटलं पुन्हा काही चुकलं. गाणं संपल्यावर मी टेबल सोडून त्यांच्याजवळ जाऊन वाकले.

"आक्का, बापाचं आलं का?"

त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, तसंच वाहू दिलं. कुजबुजल्या, "बाप म्हणायचा तेव्हा मी त्याच्याबरोबर म्हणायची. तो गेल्यापास्नं मीच म्हणती. हे गाणं मला कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं गं. लई गोड हाय. इतकं गोड हाय हे मला कुणी सांगितलंबी न्हाई."

मग माझा दंड धरून पेटीकडे ढकलत म्हणाल्या, "परत म्हणा. मी बसलेय इथं."

भाऊंनी ऐकलं होतं. पाळकसाहेबांना न विचारताच त्यांनी भाता ओढला, आणि आम्ही अंगणापासून पुन्हा सुरुवात केली.